रेस कारच्या रेडिएटरमध्ये काय भरायचं?

थेट उत्तर आधी देतो: पाणी. क्षार काढलेलं शुद्ध पाणी आणि त्यात गंज रोखणारं रसायन. फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी याहून चांगलं कूलंट मला माहीत नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण तो हिरव्या, गुलाबी, निळ्या बाटल्या ताडून बघत, त्यांच्यावरचे उत्कलनबिंदू पाठ करून आलेला असतो. इतक्या कष्टाने इंजिन उभं केलं आणि त्यात पाणी ओतायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मुळापासून समजून घेतलं, की बाटलीवरचं लेबल काय सांगतंय आणि काय सांगत नाही हे कळायला लागतं.

गोंधळाची सुरुवात नावापासून होते. आपण ज्याला कूलंट म्हणून विकत घेतो त्यात मुख्य घटक असतो इथिलीन ग्लायकॉल, काही वेळा प्रोपिलीन ग्लायकॉल. त्यासोबत थोडी गंजरोधक रसायनं, फेस मारणारं द्रव्य आणि रंग. यातलं ग्लायकॉल इंजिन थंड करण्यासाठी घातलेलंच नसतं. ते घातलेलं असतं थंडीत पाणी गोठू नये म्हणून, आणि जाता जाता ते उत्कलनबिंदू थोडा वर नेतं. उष्णता उचलून वाहून नेण्याचं काम मिश्रणातलं पाणीच जास्त चांगलं करतं. म्हणजे पाण्यात ग्लायकॉल मिसळताना आपण थोडं थंड करण्याचं सामर्थ्य देऊन टाकतो आणि त्या बदल्यात काहीतरी घेतो. आपण नक्की काय घेतोय आणि त्याची या गाडीला गरज आहे का, हे विचारलं की निवड बरीचशी सुटते.

किती सामर्थ्य जातं, ते आकड्यांत पाहू. पूर्ण ताकदीने २०० किलोवॉट देणारं, म्हणजे साधारण २७० अश्वशक्तीचं इंजिन धरा. इंधनातली सगळी ऊर्जा काही चाकांपर्यंत पोहोचत नाही. मोठा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि तेवढाच नसला तरी बराच मोठा हिस्सा पाण्यात उतरतो. त्यातली फक्त १०० किलोवॉट उष्णता पाण्याकडे आली असं समजू. पंप मिनिटाला १५० लिटर फिरवत असेल, तर साधं पाणी इंजिनातून एकदा जाताना जेमतेम १० अंशांनी तापतं. त्याच जागी निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल भरलं तर ते ११ अंशांच्या आसपास तापेल. एवढाच फरक. पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारे किलोज्यूल) ४.२ आणि मिश्रणाची साडेतीनच्या आसपास, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण मिश्रण वजनाला जड असतं, त्यामुळे लिटरमागे हिशेब केला की तूट दहा टक्क्यांच्या आत येते. रेडिएटरलाही फारसा फरक पडत नाही, कारण तिथे खरी अडचण हवेच्या बाजूची असते. रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पंखांवरून जाणारी हवा उष्णता घ्यायला इतकी कमजोर असते, की आत पाणी आहे की मिश्रण, याने निकाल थोडासाच हलतो.

मग एवढा बाऊ कशासाठी? कारण खरी परीक्षा रेडिएटरमध्ये होत नाही. ती होते इंजिनाच्या वरच्या भागात, सिलिंडर हेडमध्ये, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) मधल्या धातूच्या अरुंद पुलावर. एखादं हेड कापलेलं मिळालं तर ती जागा बोट लावून बघा. एका बाजूला ज्वलनकक्ष, दोन्ही बाजूंनी लालभडक वायू बाहेर फेकणारे रस्ते आणि वरून बोटभरही रुंद नसलेली पाण्याची वाट. त्या नखाएवढ्या जागेतून जी उष्णता पाण्यात शिरते, ती चौरस मीटरच्या हिशेबाने मेगावॉटच्या घरात जाते. आख्ख्या इंजिनात याच एका जागेची काळजी करायची असते. बाकी ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, आपला आपण थंड होतो.

धातूपासून द्रवात उष्णता किती सहज उतरते हे द्रवाची उष्णतावाहकता आणि त्याचा घट्टपणा यांवर बरंच अवलंबून असतं. ९० अंशांना मिश्रणाची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे ६० टक्के भरते आणि घट्टपणा पाण्याच्या दुपटीहून जास्त. उष्णतावहनाच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले, की त्याच वेगाने वाहणारं ५०-५० मिश्रण भिंतीवरून उष्णता उचलण्यात पाण्याच्या निम्म्याच्या थोडंसंच वर उरतं. याचा अर्थ असा, की तेवढीच उष्णता पुढे ढकलायला धातूला द्रवापेक्षा खूप जास्त तापावं लागतं. डॅशबोर्डवरचा काटा दोन्ही वेळा ९० दाखवेल. काट्याला पाण्याचं तापमान कळतं, त्या पुलाचं कळत नाही. आणि पूल तापला की तिथून नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी भडकणं, सुरू होतं, इग्निशन मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा द्यावी लागते, ताकद जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातू २०० अंशांच्या पुढे बराच वेळ राहिल्या की मऊ पडू लागतात, मग हेड वाकणं आणि गॅस्केट फुटणं ओघाने आलंच.

इथे उकळण्याविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण 'कूलंट उकळलं म्हणजे सगळं संपलं' हा समज अर्धाच खरा आहे. रेसच्या इंजिनात त्या तापलेल्या पुलावर पाणी जवळपास नेहमीच उकळत असतं, आणि ते चांगलं असतं. धातूला चिकटलेल्या पाण्याच्या थराचे बारीक बुडबुडे होतात, सुटतात, आजूबाजूच्या थंड प्रवाहात जाऊन विरतात. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात. तेच पाणी एक अंशाने तापवायला लागते त्याच्या ५४० पट. एवढी उष्णता प्रत्येक बुडबुडा धातूवरून ओरबाडून नेतो. ग्लायकॉलची बाष्पनउष्णता याच्या निम्म्याहूनही कमी आहे, म्हणजे याही कामात पाणीच पुढे. बाकीचं पाणी उत्कलनबिंदूखाली असेपर्यंत ही बारीक उकळी आपली सोबतीण असते.

संकट येतं ते पुढच्या पायरीवर. उष्णता आणखी वाढली किंवा दाब उतरला, की बुडबुडे सुटण्याआधीच एकमेकांना मिळतात आणि धातूवर वाफेची अखंड चादर तयार होते. चांगल्या तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच उडून न जाता गोळी होऊन नाचत राहतो, ते आठवा. थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगत असतो आणि तव्याची आच त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. हेडमध्ये हेच झालं तर पाणी शेजारून वाहत असूनही धातू कोरडा पडतो आणि काही क्षणांत तापमान हाताबाहेर जातं. म्हणून आपल्याला दोन गोष्टी साधायच्या असतात: धातूवर पाणी टिकलं पाहिजे आणि मुख्य प्रवाह उकळीपासून लांब राहिला पाहिजे.

दुसऱ्या गोष्टीसाठीच लोक बाटलीकडे धावतात. साध्या हवेच्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळतं, ५०-५० मिश्रण १०७-१०८ अंशांना. सात-आठ अंश मिळाले. आता रेडिएटरच्या झाकणाकडे बघा. १ बारचं, म्हणजे साधारण १५ पीएसआयचं झाकण घट्ट बसलेलं असेल, तर आतलं साधं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हे वीस अंश झाकणाच्या स्प्रिंगने दिले, आणि उष्णता उचलण्यात काहीही कमी न करता दिले. फॉर्म्युला वनच्या नियमांत कूलिंगच्या दाबाला ३.७५ बारची मर्यादा आहे. तेवढ्या दाबाखाली पाणी जवळपास १५० अंशांपर्यंत द्रवरूप राहतं. पाणी जितकं गरम चालवता येतं तितका बाहेरच्या हवेशी त्याचा फरक मोठा, तितका रेडिएटर छोटा आणि तितका हवेचा अडथळा कमी. त्यासाठीच तिथे एवढा दाब सोसतात.

हा धडा विमानांच्या इंजिनांनी फार आधी घेतला होता. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या निव्वळ ग्लायकॉलवर चालत. ते १९७ अंशांना उकळतं, म्हणजे इंजिन गरम चालवून रेडिएटर लहान ठेवता येईल असा विचार. पण ग्लायकॉल उष्णता नीट उचलत नाही, गळतं आणि गळलेलं पेटूही शकतं. मर्लिन १२ पासून ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल दाबाखाली वापरणं सुरू झालं. विमानाला उंचावरच्या थंडीत ग्लायकॉल पूर्ण सोडता येत नव्हतं, पण गरजेपुरतंच ठेवून उकळीचं काम दाबावर सोपवलं गेलं. ट्रॅकवरच्या गाडीबाबत मी याच वाटेने विचार करतो.

तेव्हा कूलंटच्या बाटलीआधी झाकण तपासा. दाब देणाऱ्या साध्या हातपंपाने झाकण आणि सगळी व्यवस्था दोन्ही तपासता येतात. झाकणाचं रबर चिरलेलं असेल आणि ते अर्ध्या बारलाच सोडत असेल, तर तुमचं पाणी ११२ अंशांच्या आसपासच उकळायला लागेल, आणि महागडं मिश्रण घातलं तरी ती तूट भरून निघणार नाही. झाकण कुठे बसवलंय हेही महत्त्वाचं आहे. पंपाच्या जोराच्या बाजूला ते असेल, तर इंजिन जोरात फिरत असताना पंपाचाच दाब ते उघडतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. झाकण पंप जिथून पाणी ओढतो त्या बाजूला आणि सगळ्यात उंच जागी हवं. मात्र दाब मनाला येईल तसा वाढवू नका. रेडिएटरच्या टाक्या, होस आणि हीटरचा गाभा किती सोसतील ते आधी बघावं लागतं.

आता नियमांकडे. अनेक स्पर्धांमध्ये आणि ट्रॅकवरच्या खुल्या दिवसांमध्ये ग्लायकॉलला बंदी असते. मोटरसायकलच्या जागतिक संघटनेचा, एफआयएमचा रोड रेसिंगचा नियम तर फार सरळ आहे: इंजिन थंड करायला तेलाव्यतिरिक्त पाणी किंवा पाण्यात मिसळलेलं इथाइल अल्कोहोल, एवढंच. यामागचं कारण एकदा पाहिलं की विसरत नाही. होस फुटून साधं पाणी सांडलं तर तापलेल्या डांबरावरून ते काही मिनिटांत उडून जातं. ग्लायकॉल उडत नाही. ते तेलासारखा पातळ थर धरून बसतं, पाण्याच्या ओलीसारखंच दिसतं, त्यामुळे मागून येणाऱ्याला धोका ओळखू येत नाही. वेगात वळणावर आलेल्या दुचाकीस्वारासाठी तो बर्फच असतो. ते साफ करायला सत्र थांबवावं लागतं, मार्शलना ट्रॅकवर उतरावं लागतं. प्रोपिलीन ग्लायकॉल विषारीपणात बरंच सौम्य आहे, म्हणून काही जण ते चालेल समजतात. पण निसरडेपणात ते कुठेही कमी नाही. तुमच्या स्पर्धेचं नियमपुस्तक कूलंटबद्दल गप्प असेल तरी मागून येणाऱ्यांसाठी पाणीच भरा, असं मी मनापासून सांगेन.

पाण्याची बाजू एवढी घेतल्यावर त्याचे दोष सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. पहिला दोष गंज. निव्वळ पाणी, मग ते कितीही शुद्ध असो, इंजिनाला खातं. इंजिनात लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, सोल्डर असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात, म्हणजे ती एक छोटीशी बॅटरीच असते आणि त्यात झिजायची पाळी बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमवर येते. एका हंगामभर फक्त नळाच्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाचं थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं, घर मी उघडलं होतं. होस जिथे चढतो त्या गळ्यावर पांढरी, ओलसर भुकटी साचली होती, ओल्या खडूसारखी. ती नखाने खरवडल्यावर खाली धातूला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले, काही इतके खोल की होसची पकड बसेना. बाहेरून बघताना ते घर नवं वाटत होतं.

नळाच्या पाण्याचा दुहेरी त्रास होतो. त्यातली क्लोराइडं अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापलेल्या भिंतीवर बसतात. सगळ्यात जाड थर बसतो तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे त्याच पुलावर. हा खडूसारखा थर लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी उष्णता अडवतो, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तर शंभरच्या घरात. त्यामुळे पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड घ्या. घरगुती सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मात्र नको. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, क्लोराइडं तशीच राहतात.

आणि या पाण्यात गंजरोधक हवंच. ग्लायकॉल नसलेलं, फक्त गंजरोधकांचं मिश्रण वेगळं मिळतं. ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालायचं. जास्त घातल्याने जास्त संरक्षण मिळत नाही, उलट साका बसण्याची शक्यता वाढते. गंजरोधकांचे ढोबळ प्रकार दोन. जुनी पद्धत सिलिकेट-फॉस्फेटची. ती धातूवर पटकन थर धरते, पण लवकर खर्च होते. नवी पद्धत सेंद्रिय आम्लांची, जी सावकाश काम करते आणि जास्त टिकते. काही मिश्रणांत दोन्ही असतात. रंगावरून प्रकार ओळखता येतो हा समज सोडून द्या. रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने घालतो, त्याला कसलंही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन प्रकार एकत्र केले तर कधी कधी चक्क जेली होते आणि ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. रेसच्या गाडीत पाणी वारंवार काढलं-भरलं जातं, त्यामुळे गंजरोधक किती वर्षं टिकतं यापेक्षा प्रत्येक वेळी तेच आणि तेवढंच घातलं जातंय ना, याची नोंद ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

गंजरोधक संपलंय का ते कसं ओळखायचं? रेफ्रॅक्टोमीटर इथे उपयोगाचा नाही, तो फक्त ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो. पीएचच्या पट्ट्या थोडा अंदाज देतात; अ‍ॅल्युमिनियमला फार आम्लही सोसत नाही आणि फार अल्कलीही. मी आणखी एक साधी चाचणी करतो. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार धातूला न टेकवता पाण्यात. ०.३-०.४ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर पाणी बदलायची वेळ झाली किंवा कुठेतरी अर्थिंग सैल आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. सगळं विजेचं सामान एकेक करून चालू-बंद केलं की कोणता दोष आहे ते उघड होतं.

'पाणी ओलं करणारं' म्हणून जी द्रव्यं मिळतात त्यांच्याबद्दल नेहमी विचारणा होते. पाण्याचा पृष्ठताण मोठा असतो, ही द्रव्यं तो कमी करतात. त्यामुळे तापलेल्या धातूवरचे बुडबुडे लहान असतानाच सुटतात आणि त्यांची जागा पाणी लगेच घेतं. म्हणजे जिथे बारीक उकळी चालते तिथे त्यांचा उपयोग आहे, आणि निव्वळ पाण्यात तो जास्त दिसतो. यांतल्या अनेकांत गंजरोधकही असतं, तेव्हा एका बाटलीत दोन कामं होतात. पण रेडिएटर लहान पडत असेल, त्यावर हवाच नीट येत नसेल, तर ही बाटली काही करू शकणार नाही. बाटलीमागची घटकयादी वाचून त्यात ग्लायकॉल नाही ना, याची खात्री करून घ्या.

पाण्याविना चालणारी कूलंटं म्हणजे ग्लायकॉलचंच मिश्रण, पाणी वगळून. १८०-१९० अंशांपर्यंत उकळत नाहीत, त्यामुळे व्यवस्था जवळपास बिनदाबाची चालवता येते, गंज जवळजवळ थांबतो. रस्त्यावर अधूनमधून निघणाऱ्या जुन्या गाडीसाठी त्यात अर्थ आहे. रेससाठी मी ती घेणार नाही. घट्टपणा जास्त, उष्णतावाहकता कमी. इंजिन उकळणार नाही, पण धातू जास्त तापेल आणि काटा आपल्याला ते सांगणार नाही. शिवाय ट्रॅकवर ग्लायकॉलच्या बंदीत ती येतातच.

मग ग्लायकॉल बरोबर कधी? जिथे पाणी गोठेल तिथे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकची भिंत ते सोसत नाही. बर्फातली रॅली, थंडीत उघड्यावर उभी राहणारी गाडी, आणि ज्या गाडीने ट्रॅकपर्यंत रस्त्याने जायचं आहे आणि नियमही आड येत नाहीत, तिथे ग्लायकॉल घालावंच. पण किती, ते थंडी बघून ठरवा. ५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एवढी थंडी तुमच्या वाट्याला येणारच नसेल, तर तीस-पस्तीस टक्क्यांवर भागतं आणि तेवढी उष्णता उचलण्याची ताकद परत मिळते. मात्र अगदी पाच-दहा टक्के घालून ठेवू नका. त्यातली गंजरोधकं इतकी पातळ होतात की संरक्षण नावापुरतं उरतं. आणि निव्वळ ग्लायकॉल भरण्याची चूक तर कधीच नको, ते उणे १३ अंशांनाच गोठतं.

निवड झाली तरी भरण्यात घोटाळा होऊ शकतो. आधी ग्लायकॉल असलेल्या इंजिनात पाणी भरायचं असेल, तर एकदा रिकामं करून भागत नाही. ब्लॉकमध्ये, हीटरमध्ये बरंच उरतं. पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा. हे दोन-तीनदा करा. रेफ्रॅक्टोमीटर शून्यावर आला की मगच ते पाणी झालं. काढलेलं ग्लायकॉल मातीत किंवा गटारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात; त्यांची मूत्रपिंडं निकामी करायला थोडंसुद्धा पुरतं. डब्यात भरून, नाव लिहून, वापरलेल्या तेलासारखं योग्य ठिकाणी द्या.

भरताना हवा पूर्ण निघाली पाहिजे. हेडच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा वाफेच्या चादरीचंच काम करते. गाडीचं नाक थोडं वर उचला, हवा काढायचे स्क्रू उघडे ठेवा, घाई करू नका. वरच्या टाकीत फुगायला जागा सोडा. २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत पाणी सुमारे ४ टक्के फुगतं, म्हणजे आठ लिटरच्या व्यवस्थेत पाव लिटरहून जास्त.

थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहतं, आणि त्याच्या उलट, पाणी फार वेगाने फिरलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही, या दोन्ही गोष्टी पिटमध्ये सारख्याच ठामपणे ऐकू येतात. वेळ मिळत नाही हे चूक आहे. पाणी बंद वर्तुळात फिरतं. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनातही कमी वेळ थांबतं, आणि वेगाने फिरणाऱ्या पाण्यामुळे रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखा गरम राहून जास्तच उष्णता टाकतो. तरीही थर्मोस्टॅट काढल्यावर काही इंजिनं तापतात, हा अनुभव खरा आहे. थर्मोस्टॅट किंवा त्याच्या जागी बसवलेली भोकाची चकती पाण्याला अडवते, त्यामुळे तिच्या मागे, म्हणजे ब्लॉक आणि हेडमध्ये, पंपाचा दाब झाकणाच्या दाबावर आणखी चढतो. तो दाब वाफेची चादर होऊ देत नाही. अडथळा काढला की दाब गेला. म्हणून थर्मोस्टॅट काढला तर चकती बसवा. पंप गरजेपेक्षा जास्त फिरत असेल, तर त्याच्या तोंडाशी दाब पडून पाणी तिथेच उकळतं, पात्यांना खड्डे पडतात आणि पाणी फिरणं कमी होतं. पंपाची पुली मोठी केली की तो सावकाश फिरतो.

आणि कृपा करून तापमानाच्या काट्याशेजारी कूलंटच्या दाबाचा सेन्सर बसवा. एका सराव सत्रात खालच्या होसची क्लिप निसटली आणि सरळ मार्गावर सगळं पाणी गेलं. चालकाने काटा बघितला, तो ९५ वरून ७० वर उतरत होता. आज गाडी छान थंड चाललीय असं वाटून त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या. सेन्सर कोरडा पडला होता आणि रिकाम्या नळीतल्या हवेचं तापमान सांगत होता. इंजिन उघडलं तेव्हा हेड वाकलेलं होतं आणि दोन पिस्टन भिंतीला घासले होते. दाबाचा सेन्सर असता, तर क्लिप निसटताक्षणी तो शून्यावर आला असता आणि दिवा लागला असता.

हंगाम संपला आणि गाडी थंडीत ठेवायची असेल तर रेडिएटरची खालची तोटी उघडून थांबू नका. ब्लॉकच्या खालच्या भागात पाणी तसंच राहतं. त्यासाठी ब्लॉकच्या बाजूला वेगळा बोल्ट असतो. बऱ्याचदा तो गाळाने बुजलेला असतो आणि काढल्यावरही काहीच येत नाही. पातळ तार आत सरकवून तो गाळ मोकळा करा, पाण्याची धार सुरू होईल. धार थांबेपर्यंत थांबा, मग रेडिएटरचं झाकण आणि ब्लॉकचा बोल्ट दोन्ही स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात कोणी रिकामं इंजिन सुरू करणार नाही.